बोलतो आहे कोण? : १६६० ते १८०० या काळातील इंग्रजी साहित्य कसे वाचावे

इंग्लंडमध्ये १६६० साली दुसरा चार्ल्स गादीवर परत आला, तेव्हापासून अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंतचे इंग्रजी साहित्य आपल्याकडील बहुतेक वाचकांना अभ्यासक्रमामुळे भेटते. त्यामुळे ‘रेस्टोरेशन’, ‘ऑगस्टन’, ‘निओक्लासिकल’ ही लेबले पाठ होतात आणि मूळ लेखन मात्र रुक्ष वाटून बाजूला पडते. माझ्या मते या रुक्षतेचे मुख्य कारण वाचण्याच्या सवयीत आहे. केशवसुतांपासून पुढची मराठी कविता आणि वर्ड्‌स्वर्थपासून पुढची इंग्रजी कविता वाचून आपण असे गृहीत धरतो की लेखनातला ‘मी’ म्हणजे लेखक, आणि लेखन म्हणजे त्याचे अंतःकरण. या जवळजवळ दीडशे वर्षांतले लेखन त्या गृहीतकाला दाद देत नाही. ते चारचौघांसमोर, एखाद्या ताज्या प्रसंगावर आणि पुष्कळदा सोंग घेऊन केलेले बोलणे आहे. ‘मला दादला नको गं बाई’ हे भारूड ऐकताना एकनाथांना नवरा नकोसा झाला होता, असे कोणी समजत नाही. तेवढाच समंजसपणा येथेही दाखवायचा आहे. कोणतेही पुस्तक उघडले की पहिला प्रश्न विचारावा : बोलतो आहे कोण, कोणापुढे, आणि कशाच्या निमित्ताने?

सुरुवात इतिहासाच्या क्रमाने करू नये. या काळाच्या आरंभीचा कवी आणि नाटककार जॉन ड्रायडन याच्यापासून आरंभ करणारे वाचक सहसा ड्रायडनपाशीच थांबतात. पहिल्या दिवशी जोनाथन स्विफ्टचे ‘अ मॉडेस्ट प्रपोजल’ हे १७२९ सालचे छोटे पत्रक घ्यावे. ते तासाभरात वाचून होते आणि वर सांगितलेला प्रश्न का विचारायचा, हे त्याच्याइतके स्पष्ट दुसरे कोणतेही लेखन शिकवत नाही. स्विफ्ट तेव्हा डब्लिनच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलचा डीन, म्हणजे प्रमुख धर्माधिकारी, होता. आयर्लंडमध्ये सलग नापिकी होती, जमीनदार इंग्लंडमध्ये राहून खंड वसूल करत होते आणि रस्त्यांवर लेकुरवाळ्या भिकारणींची गर्दी होती. पत्रकातला बोलणारा या दारिद्र्यावर एक योजना सुचवतो : गरिबांची वर्षभराची मुले खाण्यासाठी विकावीत.

हे पत्रक दोनदा वाचावे. पहिल्या वाचनात फक्त आकड्यांखाली रेघा ओढाव्यात. देशाची लोकसंख्या पंधरा लाख. त्यांत मुले होऊ शकतील अशी दोन लाख जोडपी. त्यांतून स्वतःची मुले पोसू शकणारी तीस हजार वजा. गर्भपात आणि बालमृत्यूंपोटी आणखी पन्नास हजार वजा. उरली वर्षाला एक लाख वीस हजार मुले. त्यांतली वीस हजार पैदाशीसाठी राखायची, बाकी एक लाख बाजारात. जन्मतः बारा पौंडांचे मूल वर्षात अठ्ठावीस पौंडांचे होते, त्याच्या पोषणाला सुमारे दोन शिलिंग लागतात आणि विक्रीला दहा शिलिंग येतात. हिशेब चोख आहे. राज्यकारभाराचे प्रश्न आकडेमोडीने सोडवणारी विल्यम पेटीसारख्यांची ‘राजकीय अंकगणित’ नावाची विद्या तेव्हा प्रतिष्ठित होती आणि बोलणारा त्या विद्येतला सभ्य, लोकहितदक्ष गृहस्थ आहे. स्विफ्टचा हल्ला दारिद्र्याबद्दलच्या अनास्थेवर आहेच, पण माणसांचे कोष्टक मांडणाऱ्या या थंड भाषेवरही आहे, हे आकड्यांखालच्या रेघा पाहिल्यावर लक्षात येते.

दुसऱ्या वाचनात शब्दांखाली रेघा ओढाव्यात. आईसाठी हा गृहस्थ जनावराच्या मादीला वापरायचा शब्द वापरतो, स्त्रियांना ‘ब्रीडर’ म्हणतो, आणि मांसाची चव लंडनमधल्या एका अमेरिकन परिचिताने सांगितली असे साक्षीपुराव्यासह नोंदवतो. मग एके ठिकाणी तो सहज म्हणून जातो की हे अन्न महाग पडेल, म्हणून ते जमीनदारांनाच योग्य. आईबापांना त्यांनी आधीच गिळलेले आहे, तेव्हा मुलांवरही त्यांचाच पहिला हक्क. येथे सोंगाच्या आतला माणूस क्षणभर दिसतो. शेवटाकडे आणखी एक जागा आहे. परदेशी राहणाऱ्या जमीनदारांवर कर बसवा, देशी माल वापरा, असले दुसरे उपाय मला कोणी सांगू नयेत, असे बोलणारा वैतागून म्हणतो. ते उपाय स्विफ्टने स्वतः आपल्या आधीच्या लेखनात मांडले होते आणि कोणी ऐकले नव्हते. म्हणजे ज्या यादीची बोलणारा टर उडवतो, तीच स्विफ्टची खरी मागणी आहे. अलंकारशास्त्रातली व्याजस्तुती आपल्याला ठाऊक असते; पण व्याजस्तुती एका श्लोकात संपते, हा माणूस ती अनेक पाने पापणी न लववता चालवतो.

सोंग ओळखता येत नाही म्हणून ज्यांना स्वतःची लाज वाटेल, त्यांनी डॅनिएल डिफोचा किस्सा लक्षात ठेवावा. १७०२ साली त्याने चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या प्रोटेस्टंट पंथीयांविषयी एक पत्रक लिहिले आणि त्यात त्यांच्या कडव्या विरोधकाचा आवाज घेतला. आवाज इतका हुबेहूब साधला की विरोधक सुरुवातीला खूश झाले आणि डिफो ज्या पंथीयांतला होता ते भेदरले. खरा प्रकार उघड झाल्यावर १७०३ मध्ये त्याला तीन दिवस चौकात खोड्यात उभे राहावे लागले. समकालीन लोकच जेथे फसले, तेथे आपल्याला तीनशे वर्षांनी पुन्हा वाचावे लागले तर त्यात कमीपणा नाही.

यानंतर कवितेकडे वळावे. या काळातल्या बऱ्याचशा महत्त्वाच्या कविता ‘हिरोइक कप्लेट’ या बंधात आहेत : दहा-दहा अक्षरांच्या दोन ओळी, शेवटी यमक, आणि साधारणपणे दुसऱ्या ओळीअखेर पूर्ण होणारा विचार. मराठी वाचकाला याची ओळख करून घेण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. पोपच्या उत्तरायुष्यात, १७२९ साली जन्मलेल्या मोरोपंतांची आर्या डोळ्यांसमोर आणावी. दोन अर्धांत बांधलेली, यमकाने कुलूप लावलेली आणि सहज पाठ होणारी रचना दोन्हीकडे आहे. फरक एवढा की आर्या मात्रा मोजते, तर कप्लेट अक्षरे मोजते आणि आघात एकाआड एक ठेवते. म्हणून हे काव्य मनातल्या मनात वाचू नये. मोठ्याने वाचावे, प्रत्येक ओळीच्या मध्याजवळ किंचित थांबावे आणि दुसऱ्या ओळीने पहिलीला पुष्टी दिली, छेद दिला की चिमटा काढला, ते दर जोडीगणिक पाहावे. दिवसाला शंभर ओळींपेक्षा अधिक वाचू नये असा माझा आग्रह आहे. कप्लेटची चव सुपारीसारखी सावकाश उतरते, आणि भराभर वाचली तर तिची नुसती टकटक ऐकू येते.

पहिली कविता अलेक्झांडर पोपची ‘द रेप ऑफ द लॉक’ असावी. नावातला पहिला शब्द दचकवणारा आहे. येथे त्याचा अर्थ लॅटिन मुळाला धरून ‘हिसकावून नेणे’ असा आहे. लॉर्ड पीटर या तरुण उमरावाने अ‍ॅराबेला फर्मर हिच्या केसांची बट कापली आणि दोन कॅथलिक घराण्यांत वितुष्ट आले. जॉन कॅरिल या मित्राच्या सांगण्यावरून, हसून समेट व्हावा म्हणून पोपने ही कविता लिहिली. १७१२ सालची पहिली आवृत्ती दोन सर्गांची होती. १७१४ साली त्याने हवेतल्या चिमुकल्या रक्षक देवता, पत्त्यांच्या डावाचे युद्ध वगैरे घालून पाच सर्ग केले. १७१७ साली क्लॅरिसा या पात्राचे भाषण जोडले. वाचायला १७१७ची संहिता घ्यावी, आणि प्रसंग खरा होता, माणसे ओळखीची होती, हे विसरू नये.

या कवितेतला विनोद पकडण्याची एक किल्ली आहे : एका क्रियापदाला जोडलेली दोन असमान कर्मे शोधावीत. नायिकेवर आज काय संकट येणार, या चिंतेत देवता विचारतात की तिच्या अब्रूला डाग लागेल की नव्या जरीच्या वस्त्राला. राणी अ‍ॅनबद्दल कवी म्हणतो की हॅम्प्टन कोर्टात ती कधी मसलत घेते, कधी चहा घेते. मराठीत डाग अब्रूलाही लागतो आणि वस्त्रालाही, आणि ‘घेणे’ हे क्रियापद सल्ल्यालाही चालते आणि चहालाही. त्यामुळे इंग्रजी अलंकारशास्त्राची पुस्तके ज्यावर पानेच्या पाने खर्चतात, तो चमत्कार आपल्याला फुकट समजतो. आपल्या दीपक अलंकारातही एकच धर्म अनेकांना जोडला जातो. पोप ती जोडणी अशा दोन गोष्टींची करतो की या समाजाला दोन्हींचे वजन सारखेच वाटते, हे उघडे पडावे. तिसऱ्या सर्गातल्या त्या दोन ओळी अशा आहेत की भुकेलेले न्यायाधीश घाईने सही करतात आणि ज्युरीला जेवायला जाता यावे म्हणून अभागी माणसे फासावर जातात. तेथे आल्यावर हसू थांबते. चहाच्या पेल्यांच्या आणि पत्त्यांच्या मधोमध या ओळी त्याने का ठेवल्या, यावर थोडा वेळ थांबावे.

चहाच्या जोडीत यमक चुकल्यासारखे वाटेल. ते चुकलेले नाही. ‘टी’चा उच्चार तेव्हा ‘टे’ होत असे आणि तो आधीच्या ओळीअखेरच्या ‘ओबे’शी नीट जुळतो. तसेच ‘जॉइन’चा उच्चार ‘जाइन’सारखा होऊन ‘लाइन’शी जमे. यमक अडले की आधी उच्चार तपासावा, कवीला दोष नंतर द्यावा.

एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. महाकाव्याच्या थाटात क्षुल्लक विषय मांडण्याच्या या प्रकाराला आपण विडंबन म्हणतो आणि मग ‘झेंडूची फुले’ आठवतात. केशवकुमारांच्या विडंबनात थट्टेचा रोख कवितेच्या तत्कालीन शैलीवर असतो. पोपला मात्र होमर पूज्य होता. ‘इलियड’चे त्याचे भाषांतर १७१५ ते १७२० या काळात प्रसिद्ध झाले. होमरची उंची तशीच ठेवून तिच्या शेजारी लंडनचा उच्चभ्रू समाज उभा केला की तो आपोआप बुटका दिसतो, एवढीच त्याची युक्ती आहे. म्हणून शक्य असेल तर शस्त्रे चढवणाऱ्या योद्ध्याचे एखादे महाकाव्यातले वर्णन आधी वाचावे आणि मग पहिल्या सर्गातले नायिकेचे आरशापुढचे प्रसाधन वाचावे.

आता ड्रायडन वाचता येईल. ‘अ‍ॅब्सालोम अँड अकिटोफेल’ ही कविता नोव्हेंबर १६८१ मध्ये लेखकाच्या नावाशिवाय छापली गेली, तेव्हा राजाच्या विरोधी पक्षाचा पुढारी शॅफ्ट्सबरी देशद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात होता आणि त्याचे प्रकरण काही दिवसांतच ज्युरीपुढे यायचे होते. ज्युरीने खटला उभा करण्यास नकार दिला, म्हणजे कवितेला हवा तो परिणाम झाला नाही, कविता टिकली. वाचण्यापूर्वी बायबलमधली दाविदाविरुद्ध त्याच्या मुलाने केलेल्या बंडाची कथा शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकातून वाचावी. ती मराठी बायबलात सहज मिळते. मग एका चिठ्ठीवर पाच नावे लिहून पुस्तकात ठेवावीत : दावीद म्हणजे राजा चार्ल्स, अ‍ॅब्सालोम म्हणजे त्याचा अनौरस पुत्र मन्मथ, अकिटोफेल म्हणजे शॅफ्ट्सबरी, झिम्री म्हणजे बकिंगहॅमचा ड्यूक, जेबुसाइट म्हणजे कॅथलिक. (‘मन्मथ’ हा मदनाचा पर्याय नव्हे, परगण्याच्या नावाचा उच्चार आहे, योगायोगाने त्या देखण्या सरदाराला तो शोभतो.) बाकीच्या नावांच्या टीपा पहिल्या वाचनात पाहू नयेत. टीपा पाहत वाचलेली उपहासिका ही समजावून सांगितलेल्या विनोदासारखी होते. राजाचा पक्ष घेणाऱ्या कवीपुढे अडचण अशी की बंडाचे मूळ राजाच्या रंगेलपणातच आहे, आणि आरंभीच्या ओळींत तो ही अडचण बायबलकालीन बहुपत्नीत्वाच्या आडून कशी पार करतो, ते विशेष पाहावे. तेथे बोलणारा हसतो आहे की सारवासारव करतो आहे, हे शेवटपर्यंत नक्की होत नाही.

नाटके वाचताना रंगभूमीची रचना माहीत हवी. १६४२ पासून बंद असलेली नाट्यगृहे १६६० साली उघडली, दोनच मंडळ्यांना राजाचा परवाना मिळाला आणि लंडनच्या व्यावसायिक रंगभूमीवर स्त्रीभूमिका प्रथमच स्त्रिया करू लागल्या. प्रेक्षक थोडे आणि एकमेकांच्या ओळखीचे. नटनटीही त्यांच्या ओळखीच्या. म्हणून नाटकाच्या आधीचे प्रोलोग आणि शेवटचे एपिलोग कधीही गाळू नयेत. ड्रायडनच्या ‘टिरॅनिक लव्ह’ या शोकान्त नाटकाच्या शेवटी नेल ग्विन या नटीचे पात्र मेलेले असते आणि तिला उचलून नेऊ लागतात, तेव्हा ती उठून उचलणाऱ्याला शिवी हासडते आणि म्हणते की मला अजून एपिलोग म्हणायचा आहे. बोलते आहे कोण, राजकन्या की नटी? प्रेक्षकांना दोघी हव्या होत्या.

काँग्रीव्हच्या ‘द वे ऑफ द वर्ल्ड’ (१७००) या नाटकाचे कथानक नात्यांच्या गुंत्यामुळे पहिल्या अंकातच दमवते. ते सोडून थेट चौथ्या अंकातला मिराबेल आणि मिलामंट यांचा लग्नाच्या अटींचा प्रवेश वाचावा : सकाळी हवे तितके झोपू द्यायचे, चारचौघांत लाडाने हाक मारायची नाही, न विचारता माझ्या खोलीत यायचे नाही, चहाच्या मेजावर सत्ता माझी. ती हे थट्टेत बोलते; पण लग्नानंतर स्त्रीची बहुतेक मालमत्ता कायद्याने नवऱ्याच्या ताब्यात जाण्याचा तो काळ होता. तिची थट्टा म्हणजे स्वाक्षरीआधीची वाटाघाट आहे. हा प्रवेश आवडला की उरलेल्या नाटकाचा गुंता सोडवण्याची चिकाटी आपोआप येते. त्यानंतर अ‍ॅफ्रा बेनचे ‘द रोव्हर’ (१६७७) घ्यावे. लेखणीवर पोट भरणारी ही बाई त्याच विषयाकडे कमी गोड नजरेने पाहते.

कादंबऱ्यांबाबत थोडक्यात सांगतो. डिफोची ‘रॉबिन्सन क्रूसो’ (१७१९) आणि स्विफ्टची ‘गलिव्हर’ (१७२६) यांच्या मूळ मुखपृष्ठांवर खऱ्या लेखकाचे नाव नव्हते. क्रूसोची हकीकत ‘त्याने स्वतः लिहिलेली’ म्हणून विकली गेली. रिचर्ड्‌सनची ‘पॅमेला’ (१७४०) एका मोलकरणीच्या पत्रांतून उलगडते. ती अगदी निरागसपणे सगळे सांगते की मालकाशी लग्न जुळावे म्हणून सांगते, ही शंका हेन्री फील्डिंगला आली आणि पुढच्याच वर्षी त्याने ‘शॅमेला’ लिहिली. ‘पॅमेला’ची पहिली शंभर पाने आणि मग आखूड ‘शॅमेला’ पूर्ण, असा क्रम ठेवल्यास दोन्ही समजतात. रिचर्ड्‌सनची ‘क्लॅरिसा’ पहिल्या वर्षी हाती घेऊ नये. कथेसाठी रिचर्ड्‌सन वाचणारा अधीरतेने गळफास लावून घेईल, असे त्याचा चाहता असलेल्या समीक्षक आणि कोशकार डॉ. जॉन्सननेच म्हटले होते. लॉरेन्स स्टर्नच्या ‘ट्रिस्ट्रम शँडी’त निवेदकाचा जन्म व्हायलाच तिसरा खंड उजाडतो, तेथे घाई केली तर हाती काहीच लागत नाही.

शब्दांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण येथे खरा धोका अनोळखी शब्दांचा नसून ओळखीच्या शब्दांचा आहे. ‘विट’ म्हणजे केवळ विनोदबुद्धी नव्हे, तर बुद्धीची चपळाई आणि कल्पकता; ‘कॅन्डिड’ म्हणजे बहुधा स्पष्टवक्ता नव्हे, उदार मनाचा; ‘एन्थुझिअ‍ॅझम’ म्हणजे उत्साह नव्हे, तर ईश्वर आपल्याशी खासगीत बोलतो असा भ्रम. ओळखीचा शब्द वाक्यात जरा तिरका बसला की जॉन्सनचा १७५५ सालचा शब्दकोश पाहावा. तो आंतरजालावर उपलब्ध आहे. जुन्या छपाईच्या प्रतिमा वाचत असाल तर ‘एस’ हे अक्षर ‘एफ’सारखे दिसते, याची सवय दोन पानांत होते. आणि १७५२पूर्वी इंग्लंडचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असल्याने जानेवारी-फेब्रुवारीतल्या घटनांना दोन ग्रंथांत दोन वेगळी वर्षे आढळल्यास गोंधळू नये.

मराठीतून या काळाकडे जाणारे काही रस्ते आधीच बांधलेले आहेत आणि ते वापरणे शहाणपणाचे. जॉन्सनच्या ‘रासेलस’ या कथेचे भाषांतर कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतले आणि विष्णुशास्त्र्यांनी पुरे केले, जॉन्सनवर विष्णुशास्त्र्यांनी निबंधमालेत विस्ताराने लिहिलेही आहे. जॉन गे याच्या ‘द बेगर्स ऑपेरा’तून (१७२८) जर्मन नाटककार ब्रेख्तचे नाटक आले आणि त्यातून पु. ल. देशपांड्यांचे ‘तीन पैशाचा तमाशा’. पण माझी पहिली शिफारस ‘संशयकल्लोळ’ची आहे. फ्रेंच नाटककार मोलिएरच्या १६६० सालच्या प्रहसनावरून आर्थर मर्फीने १७६१ साली ‘ऑल इन द राँग’ लिहिले, त्यावरून गोविंद बल्लाळ देवलांनी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ केले आणि तेच पुढे पदांसह ‘संशयकल्लोळ’ झाले. मर्फीचे नाटक आज फारसे कोणी वाचत नाही, पण मराठी वाचकाला त्याचे कथानक आधीच पाठ असते, ही सोय इंग्लंडमधल्या वाचकालाही नाही. सर जॉन रेस्टलेसच्या जागी फाल्गुनराव, लेडी रेस्टलेसच्या जागी कृत्तिका आणि बेव्हर्लीच्या जागी अश्विनशेठ ठेवून दोन्ही संहिता शेजारी उघडाव्यात आणि तसबीर हातोहात फिरू लागते तेथून ओळीला ओळ लावून वाचत जावे. मर्फीने नावातच ‘अस्वस्थ’ असे लिहून टाकले आहे. देवलांनी नक्षत्रांची आणि महिन्यांची नावे दिली, आणि संशयाचे काम सगळे संवादांवर सोपवले.